हातांनी उचललेला बॉल

"मी फुटबॉलले कधी पाय लावला नाही, साहेब."

कवडू गजभियेने हे वाक्य आयुष्यात एकदाच उच्चारलं. १९६७च्या फेब्रुवारीत, विद्यापीठाच्या मैदानाच्या कडेला, खुर्च्या टाकून बसलेल्या तीन माणसांसमोर. वाक्य धडधडीत खोटं होतं. पुढची एकोणीस वर्षं तो ते खरं करत राहिला.

मैदानावर नव्याने येणाऱ्या खेळाडूंना त्याची मोठी गंमत वाटायची. कवडू मैदानाचा माणूस. गवत कापणं, गोलच्या जाळ्या शिवणं, सामन्याच्या सकाळी चुन्याची फक्की टाकून रेषा आखणं, ही त्याची कामं. रेषा आखायला तो दोरी लावायचा नाही. समोरचा कोपरा डोळ्यांत धरायचा आणि चालत सुटायचा. मागे पाहावं तर रेघ सुतासारखी सरळ. असा हा मैदानात मुरलेला माणूस. पण सरावात बॉल घरंगळत त्याच्याकडे आला की तो कमरेत वाकायचा, दोन्ही हातांनी बॉल उचलायचा आणि अर्धं मैदान चालत जाऊन खेळाडूच्या हातात द्यायचा.

"कवडूभाऊ, पाय मारा नं! इतक्या दुरून काहून चालत येता?"

"पाय दुखते गा."

"पाय दुखते तं चालता कायनं?"

हशा पिकायचा. कवडूही हसायचा. एकदा एका गोलकीपरने पैज लावून बॉल मुद्दाम त्याच्या पायावर मारला. पिंढरीला लागून बॉल जागच्या जागी थांबला, जणू त्याला घर सापडलं. कवडू त्याच्याकडे पाहत राहिला. खूप वर्षांपूर्वी हरवलेलं कुत्रं पायाशी येऊन बसावं आणि आपल्याला ओळख दाखवायची बंदी असावी, तसा. मग वाकला.

हा माणूस विद्यापीठाचा आजवरचा सर्वांत चांगला लेफ्ट आउट, डाव्या कडेचा हुकमी खेळाडू होता, हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

नागपूरच्या पाचपावलीत त्याचं घर. बाप धोंडबा गिरणीत मागावर होता. कवडू मॅट्रिक झाला आणि शिक्षण तिथेच थांबलं. पण डावा पाय थांबला नाही. कस्तुरचंद पार्कवर रेल्वेची माणसं, कामठीची पोरं, छावणीतले शिपाई खेळायचे, त्यांच्यात तो अनवाणी खेळायचा. तिथेच त्याला मनोहररावांनी पाहिलं. मनोहरराव विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, पांढरी पँट आणि गळ्यात शिटी. त्यांनी त्याला मैदानाच्या कामावर घेतलं, रोजंदारीने. संघाच्या सरावात कोणी कमी पडला की ते हाक मारायचे, "कवडू, ये रे आत." सराव संपला की तो पुन्हा चुन्याच्या बादलीकडे. सरावात तो अकरावा असायचा. सामन्याला बारावाही नसायचा, कारण विद्यापीठाच्या संघात खेळायला विद्यार्थी असावं लागतं, आणि कवडूचं नाव कोणत्याच कॉलेजच्या हजेरीत नव्हतं.

सदुसष्टच्या जानेवारीत आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ इंदूरला गेला. कवडू बॉलची पिशवी आणि जर्सींची पेटी सांभाळायला बरोबर होता. उपांत्य सामना जिंकला, पण त्यात कृष्णकांत हरकरेचा घोटा मुरगळला. कृष्णकांत महाल वस्तीतला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गोरा, शिडशिडीत, बोलायला गोड. पाय खरं तर उजवा, पण डाव्या बाजूला दुसरा कोणी नव्हता म्हणून तिथे खेळायचा. राखीव दोघांपैकी एक तापाने फणफणलेला आणि दुसरा गोलकीपर. संध्याकाळी मनोहरराव धर्मशाळेच्या ओट्यावर आले. कवडू बुटांना तेल लावत बसला होता.

"बूट घालून खेळता येते काय तुले?"

"येते साहेब. चावते थोडे."

"उद्या तू कृष्णकांत हरकरे. कोणी त्या नावानं हाक मारली तं वळून पाहायचं. विसरशील?"

"नाही विसरत."

"पुढच्या वर्षी तुझं नाव मी स्वतः कॉलेजात घालतो. मग तू आपल्या नावानं खेळ. एवढी एक डाव भागव."

ही एक डाव भागवण्याची गोष्ट कवडूला अवघड वाटली नाही. नाव म्हणजे काय, जर्सीच्या पाठीवरचा आकडा. आज घातला, धुतला, उद्या परत केला.

सामना शेवटाकडे आला तरी गोल नव्हता. मग डाव्या बाजूने बॉल त्याच्याकडे आला आणि तो सुटला. बचावातल्या एकाला आत ओढून बॉल त्याच्या बाहेरून काढला, दुसरा फुलबॅक घसरला, आणि कवडूने डावा पाय मारला. बॉल जाळीत गेला. सगळे धावत आले, त्याच्या अंगावर पडले, केसांत हात घालून ओरडू लागले, "कृष्णा! कृष्णा!" त्या ढिगाखाली दबलेल्या कवडूने मान वळवून कडेला पाहिलं. तिथे घोंगडी पांघरून कृष्णकांत बसला होता. हाक त्याला होती.

परतीच्या गाडीत कृष्णकांत त्याच्या शेजारी येऊन बसला.

"कसा मारला बे तो? सांग ना. कोणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

"तू पाहिला नं."

"मी बाहेरून पाहिला. आतून कसं होतं ते सांग."

कवडूने सांगितलं. डाव्या बाजूला मैदान थोडं उतरतं होतं, म्हणून बॉल आपणहून पुढे पळत होता. फुलबॅक घसरला तेव्हा त्याचा एक बूट निघाला. आणि गोलच्या मागे एक शेंगावाला उभा होता, सायकलला लाल टोपली लावून. "मी गोल पाहिलाच नाही गा. त्या लाल टोपलीवर नेम धरला. बॉल कुठं गेला ते मले तुम्ही ओरडले तेव्हा समजलं."

कृष्णकांतने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. इटारसी येईपर्यंत तीनदा सांगून झालं. देताना माणसाला कळत नाही आपण काय देतो आहोत. त्याला वाटलं, आपण गोष्ट सांगतो आहोत.

नागपूरला स्टुडिओत संघाचा फोटो निघाला. अकरा नंबरची जर्सी घालून कृष्णकांत उभा राहिला. ती जर्सी आदल्या दिवशी कवडूनेच धुऊन आणली होती. फोटोग्राफर म्हणाला, "ओ भाऊ, तुम्ही थोडे बाजूला, सावली पडून राहिली." कवडू बाजूला झाला.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. हरलेल्या संघाने लिहिलं होतं की अकरा नंबरचा खेळाडू सावळा आणि डावखुरा होता, आणि तो विद्यार्थी नसून सामान वाहणारा माणूस असावा. चौकशीला बाहेरून तिघे जण आले. त्यातले एक मराठी प्राध्यापक होते; प्रश्न ते विचारत होते. कृष्णकांतने घोट्याची पट्टी दाखवून सांगितलं, अंतिम सामन्यातच मुरगळला, आता धावून दाखवता येत नाही. मग त्यांनी कवडूला बोलावलं. तो बादली खाली ठेवून आला. हात कोपरापर्यंत पांढरे.

"तू फुटबॉल खेळतोस?"

तेव्हा तो बोलला ते वाक्य.

प्राध्यापकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, खुर्चीखालचा बॉल काढला आणि काही न सांगता जमिनीवरून त्याच्याकडे सोडला. बॉल गवतावरून येत होता. बॉल येताना दिसला की कवडूचा डावा पाय विचारायला थांबत नसे. डोळ्याची पापणी मिटते तसा तो हलायचा. ते तीन-चार क्षण तो त्या पायाशी भांडला. मग वाकला, दोन्ही हातांनी बॉल धरला आणि छातीशी घेऊन उभा राहिला, पारंबीवरून पडलेलं माकडाचं पिल्लू सापडल्यासारखा.

प्राध्यापक मोठ्याने हसले. "अहो, याला तर हा खेळ पायाने खेळतात हेसुद्धा ठाऊक नाही!"

तिघे हसले. मनोहररावही हसले. कवडूने सांगितलेलं कागदावर उतरलं, त्याखाली त्याने सही केली. कप राहिला, सर्टिफिकिटं राहिली.

कागदावरून मान वर केली तेव्हा त्याला बाप दिसला. दुसऱ्या पाळीला जाताना धोंडबा त्याचा डबा देऊन जायचा. तो कुंपणाशी उभा होता, आणि कुंपण काही फार लांब नव्हतं.

"काहून म्हटलं तसं?"

"कप गेला असता बाबा. साऱ्याइची सर्टिफिकिटं गेली असती."

धोंडबाने डबा त्याच्या पांढऱ्या हातात दिला. "छप्पन साली दीक्षा घेताना माह्या बाजूले उभा होता तू. अकरा वर्साचा. हात जोडून म्हटलं होतं आपण, मी खोटं बोलणार नाही. तू माह्यापेक्षा मोठ्यानं म्हटलं होतं. आता बोललाच तू. बोललेलं खोटं परत गिळता येत नाही गा. तं आता ते खरं कर."

आणि तो गिरणीकडे चालू लागला.

कवडूने ते तेवढं मनावर घेतलं नाही. त्याचं मन पुढच्या वर्षावर होतं. मनोहररावांनी शब्द पाळला. जुलैत एका कॉलेजच्या हजेरीत त्याचं नाव लागलं. कवडू धोंडबा गजभिये, बी.ए. भाग एक. ऑगस्टमध्ये संघाची निवड होती. तो नवे बूट घालून मैदानावर उतरला. ते चावत नव्हते. महिनाभर रोज घालून त्याने ते मऊ केले होते.

मनोहररावांनी त्याला पाहिलं आणि हाताला धरून बाजूला नेलं.

"काय करून राहिला तू हे?"

"निवडीले आलो साहेब. आपल्या नावानं."

"अरे बाबू, तुझ्या सहीचा कागद आहे फाइलीत. फेब्रुवारीत ज्याले बॉलले पाय लावता येत नव्हता, तो ऑगस्टात लेफ्ट आउट? तू एक बॉल मारला की सारे विचारतील. कप जाईल, कृष्णकांतचं सर्टिफिकिट जाईल, माझी नोकरी जाईल."

कवडू उभाच राहिला. पुढच्या वर्षी ज्या संघात खेळायचं, तो संघ वाचवायला तो खोटं बोलला होता. आणि त्या खोट्यानेच त्या संघाचं दार त्याला लावून घेतलं होतं. हे इतकं सरळ होतं की कोणाच्याही ध्यानात यायला हवं होतं.

"तुम्हाले तेव्हाच माहीत होतं काय साहेब?"

"तेव्हा कोणाले सुचते," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांचं तोंड खरंच उतरलं होतं.

त्याने बूट काढले. दिवाळीनंतर कॉलेज सुटलं. मनोहररावांनी धडपड करून त्याला मैदानावर कायम केलं. त्या ऑगस्टपासून बापाचं बोलणं त्याच्या कानात बसलं. खरं कर. तेवढंच करायचं उरलं होतं. त्याने मैदानात काय, गल्लीतसुद्धा बॉलला पाय लावला नाही. डाव्या पायाची सवय सुटायला दोन वर्षं लागली. झोपेत तो पाय हलायचा, तेव्हा बायको प्रेमिला म्हणायची, "कोणाले लाथा मारता जी?"

संघ येत गेले, जात गेले. कृष्णकांत त्या सर्टिफिकिटाच्या जोरावर बँकेत लागला. सुरुवातीला तो मैदानावर यायचा, कवडूच्या खांद्यावर हात टाकायचा; मग येईनासा झाला. मनोहरराव निवृत्त झाले आणि वारले.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात धोंडबा अंथरुणाला खिळला. गिरणीतला कापूस छातीत बसला होता. एका दुपारी त्याने विचारलं,

"खरं केलं काय तू ते?"

"केलं बाबा."

"एकदाही पाय नाही लावला?"

"नाही."

धोंडबाने नजर छपराच्या कवेलूंकडे वळवली. "मी रागात बोललो होतो गा. मले वाटे, एक दिवस तू बी रागात येशील अन् लाथ मारशील बॉलले. मी वाट पाहून राहिलो होतो."

 पाच दिवसांनी तो गेला. कवडूने हे कोणाला सांगितलं नाही, प्रेमिलालाही नाही. बारा वर्षं दोघे एका घरात राहत होते, आणि दोघेही एकाच गोष्टीची वाट पाहत होते. एकाला ती करायची होती, दुसऱ्याला पाहायची होती, आणि मध्ये फक्त आज्ञाधारकपणा उभा होता.

शहाऐंशी साली विद्यापीठाने फुटबॉल संघाचा इतिहास छापायचं ठरवलं. काम आलं चारुशीला ठोंबरेंकडे. त्या इतिहास शिकवायच्या, फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते त्या मोकळेपणाने सांगायच्या. क्रीडा विभागातल्या कपाटात वाळवी लागलेल्या फायली होत्या. कोणी तरी म्हणालं, फायली कशाला वाचता, कवडूभाऊला विचारा.

कवडू त्यांच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून सांगू लागला. कोणत्या साली कोण कप्तान, कोणाचा पाय मोडला, कोण बूट विसरला आणि चपला घालून खेळला. बाई लिहीत होत्या, हसत होत्या. मग सदुसष्ट आलं.

"अंतिम सामना इंदूरले. एक-शून्य. डाव्या बाजूले मैदान उतरतं होतं. बॉल आपणच पुढं पळे, त्याले फक्त सोबत द्यायची. दुसरा फुलबॅक घसरला, त्याचा बूट निघाला..."

बाईंची लेखणी थांबली. त्या कवडूच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. खाली पाहत होत्या. खुर्चीखाली त्याचा डावा पाय चपलेतून निघून फरशीवर हळूहळू पुढे सरकत होता.

"कवडूभाऊ," त्या म्हणाल्या, "चौकशीची फाइल मी वाचली आहे. त्यात तुमची सही आहे. तुम्ही तर कधी पाय लावला नव्हता ना?"

कवडूने पाय चपलेत घेतला.

"आता कोणी कप परत मागणार नाही. वीस वर्षं होत आली. मी तुमचं नाव लिहीन. पण माझ्या अंदाजाने नाही लिहिता येणार मला. तुम्ही तुमच्या हाताने दोन ओळी द्या. शनिवारी सगळं छापखान्यात जाईल."

घरी त्याने प्रेमिलाला सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ती पोळी लाटायची थांबली.

"म्हणजे झोपेत तुम्ही बॉल मारत होते? अन् मी समजे तुम्हाले मुंग्या येतात!" मग पुन्हा लाटू लागली. "देऊन टाका लिहून. पोटात ठेवून काय लोणचं घालता त्याचं?"

"कृष्णकांतचं कसं होईल?"

"त्यानं तुमचं कसं होईल विचारलं होतं काय?"

दोन ओळी लिहायला चार दिवस लागले. 'सन १९६७च्या अंतिम सामन्यात अकरा नंबरच्या जर्सीत मी होतो. गोल मी मारला.' खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.  त्याने कागदाची घडी केली. शनिवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि घडी शर्टाच्या खिशात ठेवली.

चारुशीलाबाईंच्या खोलीत आधीच दोन माणसं होती. त्याने पोट सुटलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाला आवाजावरून ओळखलं.

"अरे कवडू! ये बे, ये! मॅडम, हा आमचा कवडू, इंदूरला आमच्यासोबत होता. कवडू, ही माझी मुलगी, सुहासिनी. हिनेच पेपरात वाचलं की पुस्तक निघतंय. मला ओढूनच आणलं."

सुहासिनी सतरा-अठराची होती. टेबलावर तिने एक जुना चामड्याचा बॉल ठेवला होता, तोंडाशी नाडीसारखा बंद बांधलेला. "बाबांनी त्या इंदूरच्या सामन्यापासून जपून ठेवलाय, काका. मीच काल हवा भरून आणली."

चारुशीलाबाई म्हणाल्या, "बसा कवडूभाऊ." त्यांची नजर त्याच्या खिशावर गेली आणि परत आली. कवडू दाराशीच उभा राहिला.

"बाबा, ते शेंगावाल्याचं सांगा ना मॅडमना," सुहासिनी म्हणाली.

कृष्णकांत सांगू लागला. मैदान डावीकडे कसं उतरतं होतं. फुलबॅकचा बूट कसा निघाला. "मी गोल पाहिलाच नाही, मॅडम. गोलच्या मागे एक शेंगावाला होता, सायकलला लाल टोपली. त्या टोपलीवर नेम धरला." त्याच्या आवाजात खोट्याची थरथर नव्हती. त्याने ही गोष्ट पोरीला झोपवताना सांगितली होती, ती आजारी असताना, ती नापास झाली तेव्हा. सुहासिनीचे ओठ बापाच्या शब्दांबरोबर हलत होते. गोष्ट तिला पाठ होती, टोपलीच्या रंगासकट. कवडूने दिली त्यापेक्षा ती आता जास्त चांगली झाली होती.

शेवटाकडे कृष्णकांत अडखळला. चारुशीलाबाई लिहीत नव्हत्या, हे त्याला दिसलं असावं. तो कवडूकडे वळला. त्या नजरेत धाक नव्हता. परीक्षेत पेपर संपत आल्यावर शेजाऱ्याकडे पाहावं, तसं काही होतं.

"तू होतास ना बे तिथे. सांग ना मॅडमना."

"हो काका, तुम्ही पाहिला ना बाबांचा गोल?" म्हणत सुहासिनी उत्साहाने वळली, आणि तिच्या कोपराचा धक्का बॉलला लागला. बॉल टेबलावरून पडला, एकदा उसळला आणि फरशीवरून सरळ कवडूच्या डाव्या पायाकडे आला.

चारुशीलाबाईंनी लेखणी खाली ठेवली. कृष्णकांतने चष्मा काढला. चपलेतला पाय बोटभर उचलला गेला.

कवडू वाकला. खिशातला कागद चुरगळल्याचा आवाज त्याला आला. त्याने दोन्ही हातांनी बॉल उचलला, टेबलापाशी गेला, आणि पुन्हा घरंगळू नये म्हणून बंदाची बाजू खाली करून तो सुहासिनीसमोर ठेवला. मग वळला आणि दाराबाहेर चालता झाला.